डोळ्यांत बघून कोण बोलू शकतं?

७, ३८ आणि ५५. कॉर्पोरेट नोकरीत असाल तर हे तीन आकडे तुम्ही एखाद्या ट्रेनिंगच्या स्लाइडवर बघितले असतील. नसाल, तर एखाद्या मोटिव्हेशनल रीलमध्ये तरी बघितले असतीलच. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि चेहऱ्याचा-देहबोलीचा ५५ टक्के. पुढच्या स्लाइडवर सल्ले येतात : फोन बाजूला ठेवा. प्रत्यक्ष भेटा. डोळ्यांत बघून बोला. ताठ बसा, हसा, हात घट्ट मिळवा. नाती अशीच तयार होतात.

या आकड्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. आल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये सहकाऱ्यांसोबत दोन छोटे अभ्यास प्रसिद्ध केले. त्यांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही? शब्द एक सांगत असेल आणि आवाज किंवा चेहरा दुसरंच, तर आपण कशावर विश्वास ठेवतो, एवढाच मुद्दा होता. भावना आणि आवडनिवड सोडून बाकीच्या बोलण्याला हे सूत्र लागू होत नाही, हे खुद्द मेहरेबियननेही नंतर स्पष्ट केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन एका ठरावीक इनपुटसाठी लिहिलेलं होतं, लोकांनी ते वाटेल तिथे कॉल केलं.

पण माझं भांडण आकड्यांशी नाही, त्या स्लाइडवरच्या चित्राशी आहे. त्या चित्रात नेहमी दोन माणसं असतात, मध्ये टेबल असतं आणि दोन्ही खुर्च्या एकाच उंचीच्या असतात. आपण सगळे समोरासमोरच्या भेटीबद्दल बोलतो तेव्हा या दोन सारख्या खुर्च्या गृहीत धरतो. फोन आला आणि त्याने आपलं बोलणं बिघडवलं, नाहीतर आधी सगळं छान चाललं होतं, ही तक्रारही याच खुर्च्यांवर बसून केली जाते. आपल्या गावांत, वाड्यांत, वर्गांत या खुर्च्या होत्या का?

हा प्रश्न मला एखाद्या सेल्फ-हेल्प पुस्तकापेक्षा नागराज मंजुळेंच्या दोन सिनेमांनी जास्त नीट समजावला. 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) यांच्याबद्दल आपण जातीचे सिनेमे, प्रेमाचे सिनेमे म्हणून भरपूर बोललो आहोत. मला ते वेगळ्या बाजूने बघायचे आहेत. दोन माणसं एकमेकांसमोर येतात तेव्हा नेमकं काय होतं, हे दाखवणारे सिनेमे म्हणून. माझं म्हणणं असं, की समोरासमोर येण्याने नातं तयार होत नाही. समोर आलेल्या दोघांनाही नाही म्हणण्याची आणि उठून जाण्याची मुभा असेल, तरच तिथे नातं तयार होऊ शकतं. ती मुभा नसेल तर समोरासमोर येणं म्हणजे फक्त हजेरी असते, आणि कधी कधी शिक्षा.

वर्ग एक, बोलणं शून्य

'फँड्री'मधला जब्या शालूच्या वर्गात आहे. रोज ती समोर दिसते. फोन नाही, स्क्रीन नाही, लक्ष विचलित करणारं काही नाही. ट्रेनिंगवाल्यांच्या हिशेबाने याहून आदर्श परिस्थिती नाही. तरीही सबंध सिनेमात तो तिच्याशी एकदाही धड बोलू शकत नाही.

तो काय करतो? बघतो. जीन्स घ्यायची स्वप्नं बघतो, त्यासाठी सायकलवर गारेगार विकतो. आणि रानात गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे फिरतो. ती चिमणी जाळून तिची राख मुलीच्या अंगावर टाकली की मुलगी प्रेमात पडते, असं त्याला सांगितलं गेलंय. सांगणारा चंक्या स्वतः मंजुळेंनीच केला आहे. पहिल्यांदा बघताना हे सगळं किशोरवयातलं गोड खूळ वाटतं. दुसऱ्यांदा बघताना लक्षात येतं, की पोराला चार पावलं चालत जाऊन 'वही देतेस का' म्हणण्यापेक्षा रानोमाळ हिंडून पक्षी मारणं सोपं वाटतंय. चार पावलांचं अंतर जादूशिवाय कापता येणार नाही, इतका व्यवहार त्याला या वयात कळलेला आहे. त्याला अंधश्रद्ध म्हणण्याआधी हा व्यवहार बघायला हवा.

नेटवर्किंग शिकताना आम्हाला एक गोष्ट सुरुवातीलाच शिकवतात. दोन संगणकांनी एकमेकांशी बोलायला सुरुवात करण्याआधी तीन छोटे निरोप जावे लागतात. पहिला म्हणतो, बोलू का? दुसरा म्हणतो, बोल, आणि माझंही ऐकशील ना? पहिला म्हणतो, ऐकतोय. हे तीन निरोप पूर्ण झाल्याशिवाय जोडणी झाली असं मानत नाहीत. याला हँडशेक म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याच्या डोक्यात दोन माणसांनी हात मिळवणं ही जगातली सगळ्यात साधी गोष्ट असणार. ज्या समाजात शेकडो वर्षं एका माणसाने दुसऱ्याला शिवायचंच नाही असा नियम होता, तिथे ती साधी गोष्ट नव्हती. जब्याचा पहिला निरोपच कधी सुटत नाही.

जब्याचा बाप कचरू गावातल्या मोठ्या माणसांशी समोरासमोरच बोलतो. किशोर कदमांनी हा माणूस ज्या शरीराने उभा केलाय ते बघण्यासारखं आहे. खांदे पडलेले, नजर समोरच्याच्या छातीच्या वर जात नाही, आवाजात कायमची अजिजी. आता ७-३८-५५ च्या सूत्राने मोजा. कचरूच्या देहबोलीतून नक्कीच ५५ टक्के कळतं, किंबहुना ९९ टक्के कळतं. पण ती त्याने निवडलेली देहबोली नाही. डोळ्यांत बघून बोला, हा सल्ला कचरूला द्या आणि बघा. त्याने तो पाळला तर गावात त्याचा अर्थ आत्मविश्वास असा होणार नाही, माज असा होईल.

मग डुकराचा पाठलाग येतो. पोरीच्या लग्नाला पैसे हवेत म्हणून कचरूने गावातली डुकरं पकडायचं काम घेतलंय आणि सगळं घर त्याला जुंपलंय. आजूबाजूला गाव मॅच बघावी तसं बघत बसलंय. जब्या आधी लपतो, कारण बघणाऱ्यांत शालू आहे. बाप त्याला शोधून मारतो आणि मैदानात आणतो. इथे जब्या आणि शालू शेवटी खरोखर समोरासमोर येतात. ती त्याला बघते. आणि सगळ्यांसोबत हसते.

ही सिनेमातली सगळ्यात मोठी 'प्रत्यक्ष भेट' आहे. जब्याला ती टाळायची होती, तरी ती त्याच्यावर लादली गेली. शालूला दिसावं असं त्याला सतत वाटत होतं, फक्त जीन्स घातलेलं. दिसला तो डुकरामागे धावताना. कुणासमोर कोणत्या रूपात जायचं, हे ठरवता येणं हाच संवादातला पहिला हक्क असतो. तो जब्याला नाही.

इथे 'फँड्री'बद्दल एक तक्रारही नोंदवली पाहिजे. शालूला काय वाटतं, हे हा सिनेमा आपल्याला कधीच सांगत नाही. ती का हसते? सगळे हसताहेत म्हणून, भीतीने, की खरंच तिला गंमत वाटते म्हणून? आपण जब्याच्या डोळ्यांनी बघतोय, त्यामुळे शालू लांबच राहणार, हे समर्थन मला कळतं आणि अर्धं पटतंही. पण मग तिच्या वाट्याला फक्त दिसणं उरतं. गाव जब्याला माणूस म्हणून बघत नाही, आणि कॅमेरा शालूला मुलगी यापलीकडे बघत नाही. मला वाटतं, ही उणीव मंजुळेंना स्वतःलाही जाणवली असावी. कारण पुढच्या सिनेमात त्यांनी आर्ची आणली.

चेहरा कुणाला असतो?

आर्चीकडे जाण्याआधी एका समाजशास्त्रज्ञाची मदत घेतो. अर्विंग गॉफमन या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट बारकाईने बघितली : माणसं एकमेकांसमोर असताना काय करतात. लिफ्टमध्ये, पार्टीत, दवाखान्यात, रस्त्यावर. १९५५च्या एका निबंधात त्याने 'चेहरा' या शब्दाभोवती मांडणी केली. चेहरा म्हणजे चारचौघांत आपण आपल्याबद्दल जो मान गृहीत धरतो तो. मराठीत आपण 'तोंड दाखवायला जागा राहिली नाही' म्हणतो, त्यातलं तोंड. गॉफमनचं निरीक्षण असं, की समोरासमोर आलेली माणसं सतत एकमेकांचा चेहरा सांभाळत असतात. कुणी अडखळलं तर आपण ऐकलं नाही असं दाखवतो. कुणाचा विनोद पडला तरी हसतो. नाती या छोट्या छोट्या सांभाळण्यांवर उभी राहतात.

हे वाचताना मला ऑफिस आठवलं, मित्र आठवले, सगळं पटत गेलं. मग कचरू आठवला. समोरच्याचा चेहरा सांभाळायचा, तर आधी समोरच्याला चेहरा आहे हे मान्य करावं लागतं. कचरूशी बोलणाऱ्यांना त्याचा चेहरा सांभाळायची गरजच वाटत नाही. सांभाळायचं सगळं काम एकट्या कचरूने करायचं. आपल्याकडच्या बहुतेक समोरासमोरच्या बोलण्यांत हे काम असंच एका बाजूला कललेलं असतं. मालक आणि नोकर, सासू आणि नवी सून, प्राध्यापक आणि व्हायवाला उभा असलेला विद्यार्थी. एक जण मोकळा बसलेला असतो आणि दुसरा दोघांच्या वाटचं सावध असतो.

हे फक्त गावात किंवा सिनेमात होतं असंही नाही. माझा एक मित्र पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधत होता. फोनवर सगळं ठरलं. भाडं, डिपॉझिट, राहायला कधी येणार, बाइक कुठे लावायची, सगळं. मालक अगदी गोड बोलत होते. प्रत्यक्ष भेटायला गेल्यावर पाणी आलं, चहा आला आणि मग प्रश्न आला : पूर्ण नाव काय तुमचं? दुसऱ्या दिवशी मेसेज आला, की आधीच्या पार्टीला शब्द दिलेला होता. फोनवर तो एक नोकरी करणारा मुलगा होता. समोर गेल्यावर आडनाव झाला.

फोनवरची आई आणि चहा घेणारा भाऊ

'सैराट'मध्ये वर्गातलं बघणं पुन्हा आहे, पण उलटं. परश्या बघतो तेव्हा आर्ची नजर खाली घालत नाही. तीही बघते, सरळ, आणि इतका वेळ बघते की अवघडायची पाळी परश्यावर येते. हा प्रसंग थिएटरमध्ये शिट्ट्या घेऊन गेला, कारण आपल्याला असं बघणारी मुलगी पडद्यावर क्वचित दिसते. पण आर्चीच्या या नजरेमागे काय आहे? स्वभाव आहेच. त्यासोबत पाटलाची मुलगी असणं आहे, बुलेट आहे, ट्रॅक्टर आहे. ती बघू शकते, कारण त्या गावात तिला कुणी 'काय बघतेस' म्हणणार नाही. मंजुळे हे लपवत नाहीत. पहिल्या भागात आर्चीचा बिनधास्तपणा आणि तिच्या घराची सत्ता ते एकत्रच दाखवतात. पुढे ती सत्ता काढून घेतल्यावर त्यातला किती बिनधास्तपणा उरतो, हे दुसऱ्या भागात मोजतात.

याच पहिल्या भागात वर्गात फोनवर बोलणारा एक जण आहे. आर्चीचा भाऊ प्रिन्स. शिकवणारे लोखंडे सर त्याला हटकतात आणि तो भर वर्गात त्यांच्या कानाखाली मारतो. फोनमुळे संवाद बिघडतो म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर बघावा. फोन आहे खरा, पण बिघाड फोनमधला नाही. त्या मुलाला माहीत आहे, की या माणसाला मारलं तरी चालतं. समोर उभा असलेला माणूस शिक्षक आहे, वयाने मोठा आहे, त्याच्या डोळ्यांत बघून बोलतो आहे, आणि यातलं काहीच त्याला वाचवत नाही.

आता शेवट. 'सैराट' येऊन इतकी वर्षं झाली आहेत, की शेवट सांगितल्याबद्दल कुणी रागावणार नाही. हैदराबादमध्ये आर्ची आणि परश्याचा संसार मार्गी लागलाय, मूल चालायला लागलंय. आर्ची आईला फोन करते. मुलाच्या कानाला फोन लावते. बऱ्याच काळाने मायलेकी बोलतात, आजी नातवाचा आवाज ऐकते. मग काही काळाने भाऊ आणि नातेवाईक दारात येतात. आईने दिलेल्या वस्तू घेऊन. आर्ची आनंदते, त्यांना आत घेते, चहा ठेवते. परश्याही हातभार लावतो. माणसं बसतात, भिंतीवरचे फोटो बघतात, चहा हातात घेतात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं मूल परत येतं, तेव्हा आवाज संपलेला असतो. सिनेमाचाही.

या शेवटावर जातीय हिंसेच्या अंगाने खूप लिहिलं गेलंय आणि ते बरोबरच आहे. पण माध्यमांच्या अंगाने बघितलं तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. सबंध सिनेमात सासर-माहेरमधला एकमेव खरा, उबदार संवाद फोनवर होतो. न दिसणाऱ्या, शेकडो किलोमीटर लांब असलेल्या आईशी. आणि खून होतो तो प्रत्यक्ष भेटीत. ज्या भेटीत ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं होतं. भेटवस्तू होत्या, हसरे चेहरे होते, चहा होता, एकाच खोलीत बसणं होतं. आर्चीने त्या ५५ टक्क्यांवर विश्वास ठेवला. आपण सगळ्यांनीच ठेवला. मी पहिल्यांदा बघताना चहाच्या त्या कपांपर्यंत मनात 'चला, झालं एकदाचं' म्हणत होतो.

चहा ही निवड साधी नाही. आपल्याकडे नातं जोडायचं म्हटलं की चहा येतो. मुलगी बघायला गेल्यावर चहा, भांडण मिटल्यावर चहा, 'या एकदा चहाला' म्हणजे मैत्रीचं आमंत्रण. आणि याच चहाच्या टपऱ्यांवर दलितांसाठी वेगळा कप ठेवलेला असायचा, हेही आपल्याच गावांतलं आहे. एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकच चहा पिणारी दोन माणसं समोरासमोर होती, फक्त एकाने प्यायल्यावर कप स्वतः विसळून बाजूला ठेवायचा होता. मंजुळेंनी त्या खोलीत चहा ठेवला तेव्हा हा सगळा इतिहास त्या कपात आला.

डोशाच्या गाडीवरचं नातं

म्हणजे प्रत्यक्ष भेटीला काही अर्थ नाही, असं मला म्हणायचं आहे का? नाही. 'सैराट'मध्येच त्याचं उत्तर आहे आणि ते सुमन अक्काचं आहे.

हैदराबादमध्ये दोघं अगदी तळाला पोचलेले असताना ही बाई त्यांना भेटते. झोपडपट्टीत राहणारी, मुलाला वाढवणारी, डोशाची गाडी चालवणारी. छाया कदमांनी ही भूमिका कसलाही कढ न काढता केली आहे. सुमन अक्का त्यांना पोटाशी धरून रडत नाही, उपदेश फार करत नाही. ती राहायला मोकळी झोपडी देते. परश्याला आपल्या गाडीवर कामाला लावते. आर्चीला जवळच्या बाटल्यांच्या कारखान्यात काम मिळतं. आजूबाजूला तेलुगू आहे आणि आर्चीला ते कळत नाही. संवादात शब्द फक्त ७ टक्के असते, तर तिला काय अडचण होती? पण अडचण आहे, चांगलीच आहे, आणि ती भाषा शिकते तसतशी तिथे रुजत जाते.

हे नातं तयार होताना सिनेमा घाई करत नाही. पहिल्या भागातली गाणी, स्लो मोशन, उडणारे पक्षी इथे नाहीत. इथे काम आहे. पीठ, तवा, शिफ्ट, पाणी भरणं. दोन माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत, दोघी-तिघं मिळून एकाच कामाकडे बघतात. मला वाटतं, 'सैराट'चा पहिला भाग जास्त लाडका असला तरी नात्यांबद्दल त्याला जे कळलंय ते दुसऱ्या भागात आहे. पहिल्या भागात प्रेम होतं. ओळख दुसऱ्या भागात होते, आणि ती होताना प्रेम मोडता मोडता वाचतं. परश्या संशय घेतो, हात उचलतो. आर्ची निघून जाते. आणि मग स्वतःहून परत येते.

या जाण्याला आणि परत येण्याला मी फार महत्त्व देतो. परश्याने मारलं ते माफ होत नाही आणि सिनेमाही ते गोड करून दाखवत नाही. पण आर्ची गाडीत बसून जाऊ शकते, हे महत्त्वाचं आहे. ती जाऊ शकली म्हणून तिच्या परत येण्याला किंमत आहे. जब्याला मैदानातून जाता आलं नाही. कचरूला काम नाकारता आलं नाही. लोखंडे सरांना वर्गात काहीच करता आलं नाही. आर्चीला परश्याच्या समोरून उठता येतं, त्यामुळे त्याच्या समोर बसणं ही तिची निवड होते.

न झालेलं भाषण

जवळ असणं आणि जोडलेलं असणं यात फरक आहे, हे आपल्याकडे फार आधी आणि फार नेमकं सांगितलं गेलंय. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद दिलं. भाषणाचा मसुदा वाचल्यावर मंडळाच्या लोकांना तो जड गेला. त्यांनी काही भाग बदलायला सांगितला. आंबेडकर एक स्वल्पविरामही बदलायला तयार नव्हते. परिषद रद्द झाली. मग त्यांनी ते भाषण स्वखर्चाने पुस्तक म्हणून छापलं. तेच 'जातिप्रथेचं निर्मूलन'.

त्यात एक मुद्दा आहे, जो मला कुठल्याही कम्युनिकेशन ट्रेनिंगपेक्षा उपयोगी वाटतो. माणसं एकमेकांच्या शेजारी राहतात म्हणून त्यांचा समाज होत नाही, असं आंबेडकर म्हणतात. आणि एखादा माणूस मैलोगणती लांब राहिला म्हणून तो आपल्या समाजातून बाहेरही पडत नाही. सारखे सण, सारख्या चालीरीती असूनही भागत नाही, कारण एकसारखं वागणं आणि एकत्र वागणं वेगळं आहे. माणसांचा समाज होतो तो एकमेकांशी संवाद असल्यामुळे, एकाच कामात सगळ्यांचा सारखा वाटा असल्यामुळे. सुमन अक्काची गाडी मला याच व्याख्येचं उदाहरण वाटते.

आणि त्या भाषणाचं काय झालं तेही बघा. ते प्रत्यक्ष, सभागृहात, लोकांसमोर व्हायचं होतं. समोर बसून ऐकायची तयारी नव्हती, म्हणून झालं नाही. कागदावरून ते लाहोरच्या त्या सभागृहात मावले असते त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांपर्यंत पोचलं. ज्यांना समोर बोलू दिलं जात नाही ते लिहितात, छापतात, पोस्ट करतात, व्हॉइस नोट पाठवतात. त्यांना 'प्रत्यक्ष भेटून बोला की' म्हणणं सोपं आहे.

जेवणाच्या टेबलावर कोण नसतं?

याला एक गंभीर उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. शेरी टर्कल या अमेरिकन अभ्यासिकेने २०१५ मध्ये संभाषण परत मिळवण्याबद्दल एक पुस्तक लिहिलं. समोरासमोरच्या बोलण्यात आपण अडखळतो, कंटाळतो, गप्प होतो, आणि त्यातूनच दुसऱ्याचं दुःख समजायला शिकतो. मेसेज पुसून नीट लिहिता येतो, म्हणून आपण ते शिकणं टाळतो. टेबलावर नुसता पालथा ठेवलेला फोनसुद्धा बोलणं उथळ करतो, असं ती मांडते. मी दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर असतो. अवघड बोलणं आलं की टाइप करत बसतो. टर्कल माझ्याबद्दलच बोलतेय, हे मला कळतं.

पण तिच्या पुस्तकात वारंवार येणारं जेवणाचं टेबल मी आपल्या घरांत ठेवून बघतो तेव्हा एक माणूस कमी पडतो. सगळे समोरासमोर बसलेले असतात, फोन बाजूला ठेवलेले असतात आणि आई गॅसपाशी असते, कारण पोळी गरम हवी. ती पाठमोरी उभी राहून संभाषणात भाग घेते. भाग म्हणजे 'आणखी वाढू का'. सगळ्यांचं झाल्यावर ती एकटी बसते आणि तेव्हा मावशीला फोन लावते. स्पीकरवर टाकून, जेवता जेवता, अर्धा अर्धा तास. आमच्या घरात मी ऐकलेलं सगळ्यात मोकळं हसणं त्या फोनवरचं आहे. 'जेवताना फोन नको' हा नियम लावायचा, तर आधी पोळ्या कोण लाटणार ते ठरवावं लागेल.

टर्कल चूक आहे असं मी म्हणत नाही. ती जी गोष्ट परत मिळवायला सांगते, ती आपल्यातल्या अनेकांना अजून पहिल्यांदाच मिळायची आहे, एवढंच.

म्हणून पुढच्या वेळी ट्रेनिंगमध्ये ती स्लाइड आली, किंवा कुणी 'भेटूनच बोलू' म्हटलं, तर काही साधे प्रश्न विचारता येतील. भेट कुणाच्या जागेत आहे? बसायला दोघांना आहे का? चहा कोण करतंय? आणि मनाविरुद्ध काही झालं तर कोण उठून जाऊ शकतं? हे प्रश्न शंकेखोर वाटतील. पण नाव न विचारता, एक झोपडी आणि एक काम पुढे करून सुरू झालेलं नातंही आपण बघितलेलं आहे.

'फँड्री'च्या शेवटी डुक्कर पकडलं जातं, बांधून खांद्यावरून न्यावं लागतं. वाटेत शाळेची भिंत लागते आणि भिंतीवर फुले, आंबेडकर, शाहू, सावित्रीबाई रंगवलेले असतात. चिडवणारे मागे येतच राहतात. सगळा सिनेमाभर न बोललेला जब्या मग वाकून दगड उचलतो, आणि शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने मारतो. कॅमेऱ्याच्या जागी आपण बसलेलो असतो. त्या गावात त्याला कुणाच्याही डोळ्यांत बघून बोलता आलं नव्हतं. आपल्या डोळ्यांत तो बघतो.